कानपूरच्या शेतात चामड्याचं क्रोमियम

संपादक साहेब, नमस्कार. कानपूरच्या जाजमऊ भागात चामडं कमावायचे शेकडो कारखाने आहेत. त्यांचं पाणी आणि शहराचं सांडपाणी 36 एमएलडीच्या (म्हणजे रोज 36 दशलक्ष लिटरच्या) एकाच प्लांटमध्ये घ्यायचे आणि प्रोसेस करून तेच शेतकऱ्यांना सिंचनाला सोडायचे, पण चामडं कमावायला वापरलेलं क्रोमियम त्या पाण्यात असतं आणि तो प्लांट काय ते काढायला बांधलेला नव्हता, त्यामुळे ते वर्षानुवर्षं शेतात साचत गेलं. बरं हा धातू आहे, कुजून नाहीसा होत नाही. चामड्याला वापरतात ते क्रोमियमचं तीन संयुजेचं रूप त्यामानाने सौम्य, पण मातीत मँगनीजचे ऑक्साइड असले की त्यातलं थोडं सहा संयुजेच्या घातक रूपात बदलू शकतं, ते पाण्यात विरघळतं, विहिरी-बोअरपर्यंत जातं आणि त्याने कॅन्सर होऊ शकतो. म्हणूनच पिण्याच्या पाण्यात लिटरला 0.05 मिलिग्रॅमच्या वर क्रोमियम चालत नाही.

आपल्या कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावतात, क्रोम लागतच नाही. सगळीकडे ते जमणार नाही हे मान्य, पण मग निदान प्रत्येक कारखान्याने क्रोमियम आपल्याच आवारात वेगळं काढलं पाहिजे आणि त्या शेतांची माती सरकारी खर्चाने तपासून रिपोर्ट शेतकऱ्याच्या हातात द्या.

– एक वाचक