किरणोपचाराआधी दात तपासा
महोदय,
घशाच्या कर्करोगासाठी माझ्या वडिलांना सात आठवड्यांत ३५ वेळा किरणोपचार दिले. गाठ गेली, पण लाळही आटली. आजही ते भाकरी दुधात कुस्करून, घासागणिक पाण्याचा घोट घेत गिळतात. आधी दात तपासा, गिळण्याचे व्यायाम सुरुवातीपासूनच करा, हे आम्हाला कोणी सांगितलेच नाही. पुढे दाढ काढायची वेळ आली, तेव्हा किरणोपचारामुळे जबड्याची जखम भरणार नाही या भीतीने दंतवैद्यही कचरले.

लाळग्रंथी वाचवणारे आयएमआरटी हे किरणोपचाराचे तंत्र नवे नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत वर्षभरानंतर तोंडाच्या कोरडेपणाचा ठळक त्रास जुन्या पद्धतीत ७४ टक्के, तर आयएमआरटीत ३८ टक्के रुग्णांना होता. रुग्णालयांनी पहिल्याच भेटीत दंतवैद्याकडे पाठवावे, एवढीच कळकळीची विनंती.
– एक वाचक, सातारा