चेक नाही हो, स्लोव्हाक!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत युरोपातल्या जॅझवरचा लेख वाचला. लेख चांगलाय, पण त्यात पेटर लिपा यांना "चेक गायक" म्हणून एका ओळीत उरकलंय ते काही बरोबर नाही. तुम्ही म्हणाल 1993 च्या 1 जानेवारीपर्यंत चेक आणि स्लोव्हाकांचा देश एकच होता, मग एवढं काय. पण 1960 पर्यंत आपलं आणि गुजरातचं राज्यही एकच होतं, म्हणून त्या काळातल्या मराठी लेखकांना उद्या कुणी गुजराती लेखक म्हटलं तर तुमच्याच ऑफिसात किती पत्रं येऊन पडतील बघा. आणि लिपांच्या बाबतीत तर भाषा हाच सगळा मुद्दा आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

मी काही जॅझमधला जाणकार नाही, आयुष्य आकाशवाणीवरची नाट्यगीतं ऐकण्यात गेलं. झालं असं की माझा भाचा नित्रा गावात नोकरीला आहे, टाटांच्या जॅग्वार लँड रोव्हरचा कारखाना आहे ना स्लोव्हाकियात, 2018 ला सुरू झालेला, तिथे. मागच्या वर्षी आम्ही दोघं महिनाभर त्याच्याकडे जाऊन राहिलो. खालच्या मजल्यावर घरमालकीण आजी, सत्तरीच्या पुढच्या, इंग्रजी जेमतेम. एका संध्याकाळी त्यांनी जेवायला बोलावलं. किसलेला बटाटा पिठात मळून त्याचे छोटे छोटे गोळे उकडून त्यावर मेंढीच्या दुधाचं खारट चीज, हालुश्की म्हणतात (बायकोने वरून पर्समधली शेंगदाण्याची चटणी घातली, आजींनी पण मागून घेतली). जेवण झाल्यावर आजींनी रेकॉर्ड लावली. एक किंचित खरखरीत पुरुषी आवाज, गातोय का बोलतोय कळेना, शब्द मुद्दाम उशिरा टाकायचा आणि मग बरोब्बर समेवर येऊन उभा राहायचा. मी नकळत मांडीवर ताल धरला. आजी हसल्या, म्हणाल्या, लिपा.

मग त्या आत जाऊन एक जुना फोटो घेऊन आल्या. तिकडे शाळेचं शेवटचं वर्ष संपताना सगळ्या वर्गाचे आणि मास्तरांचे छोटे छोटे फोटो एका मोठ्या फळ्यावर लावतात आणि तो फळा गावातल्या दुकानाच्या काचेत ठेवतात, त्याला ताब्लो म्हणतात. लिपांचं "मातुरित्ने ताब्लो" म्हणून जे गाणं घराघरात माहितीय ते ह्याच फळ्याच्या नावाचं. आजी एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत होत्या, हा जर्मनीला गेला, ही डॉक्टर झाली, हा वारला. मागे गाणं चालूच. मला शब्द एक कळत नव्हता पण आमच्या दहावीच्या ग्रुप फोटोतले चेहरे दिसायला लागले.

पुण्यात परत आल्यावर जे मिळेल ते वाचायला-ऐकायला लागलो. लिपांचा जन्म 30 मे 1943 चा, प्रेशोवचा. प्रेशोव म्हणजे देशाच्या पार पूर्वेचं टोक, राजधानी ब्रातिस्लावा पश्चिमेचं, समजा चंद्रपूरचा पोरगा मुंबईला आला. साठच्या दशकात बीट (म्हणजे तेव्हाचं रॉक) आणि ब्लूजच्या बँडमधून सुरुवात, मग गुस्ताव ब्रोम यांच्या मोठ्या ऑर्केस्ट्रासोबत गाणं, स्वतःचे ग्रुप, चेक गिटारिस्ट लुबोश आंद्रश्त यांच्याबरोबर ब्लूज, बीटल्सची गाणी ब्लूजच्या अंगाने गायलेला एक अल्बम सुद्धा आहे. हे झालं करिअर, ते कुठेही वाचायला मिळेल.

मला खरी गंमत वाटली ती या माणसाने स्लोव्हाकमधे जॅझ गायलं याची. तुम्हाला वाटेल त्यात काय एवढं, आपापल्या भाषेत कोणीही गाईल. तसं नाहीये. स्लोव्हाकमधे प्रत्येक शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर जोर. जॅझवाल्याला हवं असतं की जोर कुठेही सरकवता यावा, इंग्रजीत एकेका अक्षराचे शब्द सुट्ट्या पैशासारखे खिशात असतात, इकडे तिकडे टाकता येतात. दुसरं म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ. आपण दिन आणि दीन कागदावरच वेगळे ठेवतो, बोलताना सगळं सारखंच. तिकडे ऱ्हस्वाचं दीर्घ केलं की कानालाच शब्द बदलतो, म्हणजे कुठलाही स्वर मनाला येईल तसा ताणायची सोय नाही. वर दोन दीर्घ अक्षरं शेजारी सहसा येऊ द्यायची नाहीत असा व्याकरणातच नियम, आणि त्याचं नावच ताल-नियम! आणि लांडग्याला म्हणतात व्ल्क, म्हणजे आपला संस्कृतातला वृक, त्यात स्वर म्हणून नुसता ल. आपल्याकडे तो ऌ फक्त क्लृप्तीपुरता उरलाय, ह्यांच्याकडे रोजच्या बोलण्यात आहे. आता असल्या भाषेत तुम्ही स्विंग, म्हणजे जॅझचा तो झुलता ताल, करून दाखवा. लिपा करतात, आणि ऐकताना कुठेही ओढाताण जाणवत नाही, पानावर बसून गप्पा माराव्यात तसं गातात.

शब्द पण तसेच. एका अल्बमचं नाव "चिएर्नी पेटर", काळा पेटर, हा तिकडचा पत्त्यांचा डाव, जोड्या लावत जायच्या आणि ज्याच्या हातात एकटं पान उरेल तो हरला. म्हणजे आपला गुलामचोरच की! आणि गाणाऱ्याचं नाव पण पेटर, स्वतःलाच हरलेलं पान म्हणायचं हा विनोद मला फार आवडला. नंतर 2005 मधे मिलान लासित्सांची गाणी घेऊन अख्खा अल्बम केला. लासित्सा म्हणजे तिकडचे मोठे विनोदकार, यूलिउस सातिन्स्कींबरोबरची त्यांची जोडी प्रसिद्ध होती, 1968 ला रशियन रणगाडे आल्यानंतर दोघांना ब्रातिस्लावात काम मिळेना, चेक भागातल्या ब्र्नोला जाऊन राहावं लागलं. हे लासित्सा 2021 च्या जुलैमधे स्टेजवर गाणं संपवून तिथेच कोसळले आणि गेले.

त्या काळाबद्दल तुमच्या लेखात "कम्युनिस्ट राजवटीत जॅझवर बंदी होती" असं एक सरसकट वाक्य आहे, तेही जरा सैल आहे. सत्तरच्या दशकात बंदी अशी नव्हती, त्रास होता. लोकांपुढे कार्यक्रम करायचे तर सरकारी कमिटीपुढे परीक्षा, त्यात राजकारणाचे पण प्रश्न. परदेशी कलाकार आणायचा तर सरकारी एजन्सीमार्फत. प्रागमधे जॅझ सेक्शन नावाची संघटना होती, तिच्या पदाधिकाऱ्यांना 1986 मधे अटक झाली. व्हिएन्ना ब्रातिस्लावापासून साठेक किलोमीटर, म्हणजे पुणे-लोणावळा एवढंच, रेडिओ ऐकू यायचा पण मधे काटेरी कुंपण. अशा दिवसांत, 1975 साली, लिपांनी ब्रातिस्लावा जॅझ डेज हा महोत्सव सुरू केला, आणि तो अजून चालू आहे, दर शरद ऋतूत. राजवट गेली, देशाचे दोन झाले, चलन बदललं. डॅन्यूब नदीच्या काठावरचं ज्या सांस्कृतिक केंद्रात तो वर्षानुवर्षं भरायचा ते केंद्रच पाडून टाकलं, तर महोत्सव दुसऱ्या हॉलमधे गेला.

इथे मला मुंबईचं रंगभवन आठवलं. 1978 साली, म्हणजे ब्रातिस्लावाच्या तीनच वर्षं नंतर, निरंजन झवेरी आणि मंडळींनी तिथे जॅझ यात्रा सुरू केली, पहिल्याच खेपेला अमेरिकेचे मोठे सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स आले होते. मी तेव्हा फोर्टात नोकरीला, मित्राने ओढून नेलं, मला काही कळलं नाही पण उघड्यावर रात्रीच्या हवेत तो सॅक्सोफोन काय वाजत होता ते विसरलेलो नाही. पुढे आसपास हॉस्पिटलं म्हणून सायलेन्स झोन झाला, रंगभवन बंद पडलं, यात्राही थांबली. आमच्याकडे कायदा होता, डेसिबल होते, सगळं होतं, फक्त "बरं मग दुसरीकडे करू" म्हणत वर्षानुवर्षं चिकटून बसणारा कोणी उरला नाही. तिकडे तो गायकच निघाला. स्वतःचं गाणं सांभाळून दुसऱ्यांसाठी हॉल शोधणं, पैसे गोळा करणं, नव्या पोरांना स्टेज देणं, हा उद्योग लिपांनी पन्नास वर्षं केला. म्हणून त्यांना एका ओळीत, तेही चुकीच्या देशात, बसवलेलं मला बोचलं.

तरी पुढच्या रविवारी कोपऱ्यात का होईना, दुरुस्ती छापावी ही विनंती. आणि नाव "पीटर" नाही, "पेटर" लिहा. भाच्याकडून आजींना त्या दुरुस्तीचा फोटो काढून पाठवणार आहे, त्यांना मराठी वाचता येत नाही पण भाचा वाचून दाखवेल, आणि लिपांचं नाव चुकलं तर त्या ऐकताना लगेच पकडतील.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
कोथरूड, पुणे