डावीकडून चौथी मी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाऊस सुरू झाला आणि आपल्या अंकात महाविद्यालयांच्या वृक्षारोपणाची छायाचित्रं यायला लागली. गेल्या वर्षीच्या अशाच एका छायाचित्रात मी आहे. डावीकडून चौथी, अंगात राष्ट्रीय सेवा योजनेचा टी-शर्ट, हातात करंजाचं रोप, बूट चिखलाने भरलेले. आईने ते कात्रण लातूरच्या घरी देवघराशेजारी चिकटवलंय. ते रोप मेलं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

जागा होती पुण्यातली वेताळ टेकडी. आम्ही पस्तीस जणांनी साठ रोपं लावली. लावली म्हणजे काय, तर खड्डे आधीच खणून ठेवलेले होते. रोप ठेवलं, माती लोटली, फोटो काढला, वडापाव खाल्ला आणि उतरलो. रोपांच्या काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या तिथेच वाऱ्यावर. आम्ही दोघी त्या गोळा करायला लागलो तर वरून हाक आली, "ते नंतर बघू, टेम्पो थांबलाय." प्रमाणपत्र मात्र आठवड्याच्या आत मिळालं.

मी गोखलेनगरला कॉट बेसिसवर राहते. एका खोलीत चौघी आणि खिडकी एकच, त्यामुळे सकाळचा अभ्यास टेकडीवर. म्हणूनच त्या रोपांचं पुढे काय झालं ते मला बघायला मिळालं, नाहीतर मीही विसरलेच असते. ऑक्टोबरपर्यंत कंबरेएवढ्या कुसळी गवतात ती दिसेनाशी झाली. जानेवारीत गवत वाळलं आणि एका रात्री, कशाने कुणास ठाऊक, त्यातला एक पट्टा पेटला. फेब्रुवारीत मोजली तेव्हा अकरा रोपांत जीव होता.

पुढचे तीन महिने झाडाच्या परीक्षेचे, आणि नेमके तेच आमच्याही परीक्षेचे. पेपर संपले की हॉस्टेलं रिकामी, सगळे गावाला. जुलैत रोप लावणारा मुलगा मे महिन्यात पुण्यात नसतो. यात कुणाचा आळस नाही, वेळापत्रकच असं आहे. पण त्याचा विचार करून कार्यक्रम आखलेला मी तरी पाहिला नाही.

मी आणि माझ्या रूममेटने मग त्या अकरातली चार रोपं निवडली. अकरा जमणार नव्हती. प्रत्येकीने दोन लिटरच्या दोन बाटल्या वाहायच्या, म्हणजे एका खेपेला आठ लिटर, आठवड्यातून दोन खेपा. बाटलीच्या झाकणाला सुईने भोक पाडायचं आणि बाटली मुळापाशी उलटी खोचून ठेवायची, पाणी थेंबथेंब जिरत राहतं. स्नेहसंमेलन संपल्यावर सभागृहातल्या खुर्च्यांखाली पाण्याच्या अर्ध्या-अर्ध्या बाटल्या पडल्या होत्या. त्या एका कॅनमध्ये ओतल्या तर वीस लिटरचा कॅन भरला. मुलं हसत होती. हसू देत. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं तेव्हा मी चौथीत होते आणि घागर घेऊन रांगेत उभी होते. कुणाचंही उरलेलं पाणी मला टाकवत नाही.

आमची चारातली तीन जगली.

पण आता मला वाटतं, ती तिथे लावायचीच कशाला होती? टेकडी काही ओसाड जागा नव्हे. वनस्पतिशास्त्राच्या आमच्या मॅडमनी एकदा गवताचं एक कुसळ माझ्या तळहातावर ठेवलं आणि वर पाण्याचा थेंब टाकला. कुसळ वळवळलं, स्वतःभोवती फिरायला लागलं. पाऊस पडला की कुसळाच्या टोकाचं बी असंच मळसूत्रासारखं फिरत मातीत शिरतं. तोवर ती कुसळं मी मोज्यांतून उपटून शिव्याच देत होते. त्याच गवतामधल्या मोकळ्या जमिनीवर टिटवी अंडी घालते. मेडशिंगी, सालई ही इथलीच झाडं, आपली आपण उगवतात, त्यांना आमच्या टेम्पोची गरज नाही. मेडशिंगीच्या शेंगा मेंढ्याच्या शिंगासारख्या वाकड्या असतात, बघितल्या की नाव विसरत नाही. आणि मागे कधीतरी वृक्षारोपण म्हणूनच लावलेलं गिरिपुष्पाचं झाड आज टेकड्यांवर इतकं माजलंय, ते मूळचं मध्य अमेरिकेतलं.

सेवा योजनेत आम्हाला वर्षाला 120 तास भरायचे असतात. त्यातले निम्मे टेकडीवर जानेवारी ते मेमध्ये द्या. जानेवारीत गवत काढून जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळा पट्टा, आखायला माणसं लागतात, मार्चनंतर पाणी घालायला लागतात. पुण्यातच घर असलेल्यांनी मे सांभाळावा, आम्ही बाहेरगावचे जानेवारी ते मार्च सांभाळू. रोपं लावायचीच असतील तर कॉलेजच्या आवारात लावा, जिथे नळ आहे, शिपाईमामा आहेत आणि आम्ही रोज जातो-येतो. आमच्या पार्किंगच्या कडेला एका रांगेत झाडं मावतील एवढी जागा आहे. सध्या तिथे जुने बाक रचून ठेवलेत.

पर्यावरणाचा विषय आम्हाला सक्तीचा आहे, त्याचा प्रकल्पही असतो. मागच्या सत्रात आमच्या वर्गातल्या प्रत्येकाने तीस पानी प्रकल्प दिला. सगळी पानं एकाच बाजूला छापलेली, स्पायरल बाइंडिंग, वर प्लास्टिकचं कव्हर. अर्ध्यांचा विषय 'कागदाची बचत'. त्यापेक्षा प्रत्येकाला एक झाड आणि एक दोनशे पानी वही द्या. महिन्यातून दोनदा जाऊन काय दिसलं ते लिहायचं, मेलं तर मेलं असं लिहायचं, आणि त्यालाही मार्क द्यायचे. माझ्या वहीत चौथ्या रोपाची सगळ्यात जास्त पानं आहेत.

आपल्याकडे एक विनंती. या जुलैत वृक्षारोपणाची जी छायाचित्रं छापाल, त्यांची जागा आणि रोपांची संख्या टिपून ठेवा. पुढच्या मेमध्ये त्याच जागेवर छायाचित्रकार पाठवा आणि दोन्ही छायाचित्रं शेजारी-शेजारी छापा. आमच्या जागेपासून सुरुवात करायची असेल तर वाट दाखवायला मी येईन. मे महिन्यात मी गावाला असते, पण त्यासाठी दोन दिवस थांबेन.

आपली,
एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष बी. एस्सी.
गोखलेनगर, पुणे