सिंहगडाच्या दगडाबद्दलही दोन ओळी लिहा की

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी भाचीला घेऊन सिंहगडावर गेले होते, सहावीत आहे ती. आतकरवाडीतून पायवाटेने चढत होतो, अर्ध्यात ती दम खायला बसली आणि पायाशी पडलेला दगड उचलून म्हणाली, मावशी, ह्यात हे पांढरं काय चमकतंय? काळा दगड, त्याला बारीक भोकं आणि भोकांत खडीसाखरेसारखे स्फटिक. मी थोडंफार वाचलेलं म्हणून सांगता आलं की हा लाव्हा आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, थंड होताना गॅसचे बुडबुडे आत अडकले आणि मग त्या पोकळ्यांत पाणी झिरपून झिओलाइट नावाचं हे पांढरं खनिज तयार झालं. तर म्हणे, म्हणजे पुण्यात ज्वालामुखी होता? म्हटलं, एकच डोंगर फुटला असं नाही गं, जमिनीला भेगा पडून लाव्हा पसरत गेला, थरावर थर.

वर कल्याण दरवाज्यापाशी उभं राहून डोंगर बघितले की ते थर चक्क दिसतात, पायऱ्यांसारखे. कठीण थराचा उभा कडा राहतो, मऊ थर झिजून उतार होतो, म्हणजे अर्धी तटबंदी निसर्गानेच करून दिलेली. १६७० साली तानाजी मालुसरे आणि मावळे रात्री चढले तो कडासुद्धा ह्याच लाव्हाचा, आणि गडावरचं पाण्याचं देवटाकं खोदलंय तेही ह्याच पाषाणात. हे कळल्यावर ती कड्याकडे किती वेळ बघत बसली होती!

गडावर इतिहासाचे बोर्ड आहेत, ते हवेतच. पण दगडाबद्दल, झाडांबद्दल आम्हाला तरी एकही दिसला नाही. मडक्यातलं दही विकणाऱ्या मावशींशी बोललो तर त्यांनी कारवीच्या झुडपाबद्दल किती सांगितलं, सात वर्षांनी फुलते ती, तिच्या काठ्यांचा कूड करून शेणमातीने लिंपायचे, त्यांचं माहेरचं घर तसंच होतं म्हणे. हे कुठल्या पुस्तकात मिळणार मुलांना?

माझी कळकळीची विनंती आहे, गडावर साध्या मराठीत असे चार बोर्ड लावा आणि शाळांच्या सहली येतात तेव्हा माहिती सांगायला गडावरच्या, पायथ्याच्या गावातल्या माणसांना घ्या, रीतसर मानधन देऊन. आणि बोर्ड जिथे कडा दिसतो तिथेच लावा, पार्किंगमध्ये नको.

आपली,
एक वाचक, सिंहगड रोड, पुणे