एक्स-रे नॉर्मल, पण लेकरू बसेना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझा नातू तेव्हा सोळा महिन्यांचा होता. घरभर दुडुदुडु पळणारं पोर एका सकाळी बसायलाच तयार होईना. डायपर बदलताना पाय वर उचलले की किंचाळायचा, आडवा खांद्यावर घेतला की गप्प. अंगात ताप नव्हता. कुणी म्हणालं दृष्ट लागली. मी तर कोमट तेलाने त्याची पाठ चोळली. ते आठवलं की आजही जीव कळवळतो. तालुक्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, 'नॉर्मल आहे' म्हणाले आणि पोट साफ व्हायचं औषध दिलं. त्यात बारा दिवस गेले.

मग पुण्याच्या डॉक्टरांनी त्याची आवडती मोटार जमिनीवर ठेवली. पोराने पाठ काठीसारखी ताठ ठेवली, नुसते गुडघे दुमडून हात लांबवला आणि रडायला लागला. तिथेच त्यांनी ओळखलं. रक्तात सीआरपी, ईएसआर (अंगात सूज किंवा जंतुसंसर्ग असला की वाढणाऱ्या रक्ततपासण्या) वाढलेले निघाले. भूल देऊन एमआरआय केला, तर कमरेच्या दोन मणक्यांमधल्या चकतीत जंतुसंसर्ग, म्हणजे डिस्कायटिस.

डॉक्टरांनी समजावलं की एक्स-रेवर हा आजार दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर तो नॉर्मलच येतो. एमआरआयवर मात्र लवकर कळतो. मोठ्या मुलांत बहुधा स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू सापडतो. सहा महिने ते चार वर्षांच्या मुलांत किंगेला नावाचा जंतू बऱ्याचदा असतो. तो लहानग्यांच्या घशात राहतो आणि साध्या कल्चरमध्ये (नमुन्यातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) सहसा उगवत नाही. आपल्याकडे मणक्याचा टीबीही तपासावाच लागतो, कारण त्याची औषधं वेगळी आणि वर्षभराची. म्हणून मूल फार अत्यवस्थ नसेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी कल्चरसाठी रक्त घ्यावं. आमच्या गावात उलटं झालं होतं: 'असू द्या' म्हणून दिलेल्या अँटिबायोटिक सिरपनंतर कल्चरमध्ये काहीच आलं नाही.

नातवाला टीबी नव्हता. आधी शिरेतून, मग तोंडाने, अशी सहा आठवडे औषधं चालली. आता तो पुन्हा पळतो.

चालतं मूल बसेना, चालेना, तर कृपया मालिश करू नका. आणि दीड वर्षाच्या मुलाचा एमआरआय भुलीशिवाय होत नाही. आम्हाला त्यासाठी पुणं गाठावं लागलं. जिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस तरी मुलांच्या एमआरआयसाठी भूलतज्ज्ञ मिळावा, ही विनंती आपल्या पत्रातून आरोग्य खात्यापर्यंत पोचवावी.

आपली,
एक आजी, जि. सातारा