एस्टोनियातला शेतकरी पक्ष विसरू नये

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

युरोपातील उजव्या पक्षांवरच्या आपल्या लेखात एस्टोनियाच्या ‘एक्रे’ पक्षाला दोनच ओळी मिळाल्या आणि त्याच्या वाढीचे सगळे खापर स्थलांतरितांविरुद्धच्या रागावर फोडले गेले. मी शेतकरी आहे, म्हणून सुटलेली बाजू कळवतो. हा पक्ष एका शेतकरी पक्षातून निघाला आहे.

सोव्हिएत सत्ता गेल्यावर तिथली सामूहिक शेती मोडली. १९४० पूर्वीच्या मालकांना आणि त्यांच्या वारसांना जमिनी परत मिळू लागल्या, पण ज्यांचे पोट सामूहिक शेतीवर होते त्यांची रोजीरोटी बुडाली. त्या गावांची बाजू घेऊन १९९४ मध्ये एक पक्ष उभा राहिला. २००० मध्ये दोन छोटे पक्ष त्यात आले. हाच पुढे ‘राहवालीट’ या नावाने ओळखला गेला. कृषी अकादमीचे रेक्टर राहिलेले आर्नोल्ड र्यूटेल हे त्याचे मोठे नाव. २००१ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. २००३ च्या निवडणुकीत पक्षाला १०१ पैकी १३ जागा मिळाल्या आणि तो सरकारातही बसला.

घात झाला तो जमिनीच्याच व्यवहारात. संरक्षित क्षेत्रात कुणाची खासगी जमीन अडकली, तर तिच्या बदल्यात दुसरीकडे सरकारी जमीन देण्याची सोय होती. या अदलाबदलीतल्या भ्रष्टाचाराच्या चौकशीत पक्षाध्यक्ष आणि पर्यावरणमंत्री व्हिल्लू रेल्यान यांनी २००६ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. राजीनाम्याच्याच वर्षी, २००६ मध्ये, र्यूटेल निर्वाचक मंडळाच्या मतदानात १६२ विरुद्ध १७४ मतांनी राष्ट्राध्यक्षपद हरले. शेतकऱ्याच्या नावाने मते घेणाऱ्यांवर जमिनीच्याच प्रकरणात असा डाग लागावा, याचे मला फार वाईट वाटते. २००७ मध्ये जागा ६ झाल्या आणि २०११ मध्ये दोन टक्के मतांवर आलेला पक्ष, संसदेत जाण्यासाठी किमान पाच टक्के मते लागतात या अटीमुळे, संसदेबाहेर गेला.

त्याआधी, २०१० मध्ये, डावीकडे झुकलेल्या सोशल डेमोक्रॅट पक्षात विलीन होण्याचा प्रस्ताव राहवालीटच्या प्रतिनिधींनी फेटाळला होता. तो मंजूर झाला असता तर वाट वेगळी निघाली असती, असे मला वाटते. शेवटी २०१२ मध्ये एका राष्ट्रवादी संघटनेशी एकत्र येऊन ‘एक्रे’ झाला. २०१९ मध्ये त्याने १९ जागा जिंकल्या. त्याची भाषा मला मान्य नाही, पण गावाकडचा मतदार तिकडे का वळला हे जमिनीचा इतिहास सांगितल्याशिवाय कळणार नाही. त्यावर आपण एक सविस्तर लेख द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, कराड