पुन्हा त्याच दारात

दारव्हा, जि. यवतमाळ
ता. १४ डिसेंबर

चि. मृण्मयी हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोनवर विचारलंस, "बाबा, हे काम मी किती वर्षं करू शकेन?" औषधांच्या दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, मी "बोलू नंतर" म्हणून फोन ठेवला. तुझा आवाज रडून झाल्यावरचा होता, हे मला शटर ओढताना लक्षात आलं. आई झोपली आहे. मी गल्ल्यावरच बसून लिहून राहिलो आहे, म्हणजे मधे कोणी बोलणार नाही.

औषध कंपन्यांच्या जाहिराती करणाऱ्या एजन्सीत तुझं काम काय असतं हे शेजारपाजारच्यांना मला अजून नीट सांगता येत नाही. पण मला ते कळतं. तुम्ही मुंबईत जे छापता ते शेवटी ज्याच्या बॅगेतून डॉक्टरच्या टेबलावर जातं, तो माणूस, म्हणजे औषध कंपनीचा एमआर, मी सात वर्षं होतो. १९९३ ते २०००. दारव्हा, दिग्रस, आर्णी, पुसद, उमरखेड. एसटीने फिरायचं, मीटिंग अकोल्याला असली की शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूर गाठायचं. बॅगेत सॅम्पल, व्हिज्युअल एड म्हणजे डॉक्टरला दाखवायचं औषधाचं छापील पुस्तक, आणि घडी न मोडलेला एक जास्तीचा शर्ट.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, ती आज सांगतो.

१९९८ सालची. पुसदला लहान मुलांचे एक डॉक्टर होते, ओपीडी मोठी. तेव्हा आमचं निमेसुलाईडचं, म्हणजे तापाच्या औषधाचं, सिरप जोरात होतं. माझा नंबर लागला, मी व्हिज्युअल एड उघडली आणि पाठ केलेलं म्हणालो, "सर, लहान मुलांच्या तापाला एकदम सेफ." त्यांनी पेन खाली ठेवला, ती एड माझ्या हातातून घेतली, चष्मा कपाळावर सरकवून तळाची बारीक अक्षरं वाचली. मग विचारलं, "सेफ कोणी ठरवलं? किती पोरांना दिलं होतं? किती दिवस?" मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "कागद घेऊन या, मग बोलू."

मी वर विचारलं. वरून निरोप आला, त्या एका डॉक्टरला सोड, बाकीचे लिहून राहिले ना. मी सोडलं. पुढे चौदा महिने त्या दवाखान्याची पायरी चढलो नाही. त्या रस्त्याने जायची वेळ आली तर पलीकडच्या कडेने जायचो. आणि बाकीच्या डॉक्टरांना तेच वाक्य सांगत राहिलो.

२०११ च्या फेब्रुवारीत सरकारने बारा वर्षांखालच्या मुलांसाठी निमेसुलाईडवर बंदी घातली. तेव्हा मी याच गल्ल्यावर होतो. फळीवरच्या बाटल्या काढून परतीच्या खोक्यात भरताना मला ते डॉक्टर आठवले, त्यांचा कपाळावरचा चष्मा आठवला. त्यांनी मला साधा प्रश्न विचारला होता. उत्तर माझ्याजवळ नव्हतं, तरी मी थांबलो नाही. ही बोच आजही गेलेली नाही.

आता इन्सुलिनच्या जाहिरातीतल्या तुझ्या त्या ओळीकडे येतो. "शुगर लो होण्याची भीती नाही." मजकूर तपासणाऱ्या मेडिकल टीमने ती शेवटच्या दिवशी कापली, क्लायंट म्हणजे ती औषध कंपनी तुझ्यावर ओरडली, आर्टवर्क पुन्हा करावं लागलं म्हणून क्रिएटिव्हवाले तुझ्याशी बोलेनात. बेटा, कोणत्याही इन्सुलिनने शुगर लो होऊ शकते. आपल्याकडे माणूस सकाळी सुई टोचतो आणि दोन घास न खाता कापूस वेचायला जातो. दहा वाजता घाम फुटतो, हातपाय कापतात, तो पऱ्हाटीतच बसतो, आणि सोबतच्यांना वाटतं ऊन लागलं. ती ओळ छापून गेली असती तर एखाद्या पोराने माझ्यासारखीच ती पाठ केली असती. ज्यांनी कापली त्यांनी तुझ्यावर उपकार केले.

चूक झाली ती वेगळीच. ओळ क्लायंटला दाखवून त्याला आवडून गेल्यावर तुम्ही ती मेडिकलकडे नेली. ब्रीफ, म्हणजे क्लायंटला काय हवं तो कागद, आला त्याच आठवड्यात त्यांच्याजवळ जाऊन बसायचं. काय म्हणायचं आहे, कोणत्या अभ्यासाच्या आधारावर, तो कोणत्या पानावर आहे, हे सगळं आधी. अभ्यासाचा वरचा सारांश वाचून भागत नाही. तक्ते पाहा, किती रुग्ण होते ते पाहा, कोणाला वगळलं होतं ते पाहा. तुझं बी.एस्सी. झालं आहे, तुला ते समजेल. नाही समजलं तर विचार. पुसदच्या डॉक्टरांचे तीन प्रश्न तू स्वतःच आधी विचारून घे.

नियमही पाठ पाहिजेत. १२ मार्च २०२४ ला औषध कंपन्यांच्या मार्केटिंगची नवी समान संहिता आली. सोबत खुलासा न करता नुसतं "सेफ" म्हणता येत नाही, आणि देशात वर्षभराहून जास्त काळ विकल्या जाणाऱ्या औषधाला "नवं" म्हणता येत नाही, हे तिच्यात स्पष्ट लिहिलं आहे. ते वाचताना मला १९९८ आठवलं. आणि जादुई उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा तर १९५४ पासून आहे. त्याच्या यादीत चौपन्न आजार आहेत, मधुमेह त्यात आहे. तरी रस्त्याकडेच्या भिंतींवर "शुगर मुळापासून बरी" अजून रंगवलेलं दिसतं. ते वाचून सुई बंद केलेले लोक माझ्याकडे पायाची जखम घेऊन येतात. म्हणून तुझ्या कामाला मी हलकं समजत नाही. खरं, तपासलेलं आणि समजेल असं कोणी छापलंच नाही, तर भिंतीवरचंच वाचलं जातं.

आमच्या वेळी एक वयस्क एमआर होते, आम्ही सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचो. सत्तावीस वर्षं एकच टेरिटरी, म्हणजे फिरायचा भाग. कंपनीने तीन मॅनेजर बदलले, ब्रँड आले-गेले, भाऊसाहेब तिथेच. त्यांची डायरी मी एकदा एसटीत पाहिली. डाव्या पानावर आमच्यासारखंच, कोण काय लिहितो, कोणाला काय दिलं. उजव्या पानावर फक्त कबूल केलेलं. "किडनीच्या पेशंटला डोस किती, विचारलं. पुढच्या खेपेला सांगणे." आणि ते सांगायचे. आपल्याच औषधाच्या विरुद्ध जाणारं उत्तर असलं तरी तोंडावर सांगायचे, "सर, किडनीच्या पेशंटला हे देऊ नका, आमच्याच कागदात लिहिलं आहे." बाहेर रांग लागलेली असताना डॉक्टर त्यांना आत बोलावून चहा पाजायचे.

मला वाटतं तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या उजव्या पानावर आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच दारात उभं राहता येईल असंच बोलायचं. तसं बोललीस तर वीस-पंचवीस वर्षं निघतात. नाही तर माझ्यासारखं पलीकडच्या कडेने चालावं लागतं, आणि अशी दारं वाढत गेली की एक दिवस टेरिटरीच उरत नाही.

तू म्हणालीस की तीन वर्षांत क्लायंटकडचा ब्रँड मॅनेजर तीनदा बदलला, दरवेळी पहिल्यापासून सांगावं लागतं. तू याला त्रास म्हणतेस. मी तुझ्या जागी असतो तर एक फाइल केली असती. या ब्रँडवर आजवर कोणती ओळ सुचली, कोणती कापली, कोणी, कोणत्या कारणाने, तारखेसह. मीटिंग झाली की त्याच संध्याकाळी मिनिट्स लिहून सगळ्यांना मेल. दुसऱ्या दिवशी आपल्याला सोयीचं तेवढंच आठवतं. चौथा ब्रँड मॅनेजर येईल तेव्हा त्या औषधाची आठवण कंपनीत कोणाजवळ नसेल, तुझ्याजवळ असेल. मग तो तुला विचारल्याशिवाय पुढे जाणार नाही.

पैशाचं थोडक्यात. तोंडी सांगितलेलं काम सुरू करू नको. एस्टिमेटवर मंजुरी, पीओ म्हणजे लेखी ऑर्डरचा नंबर, मग काम. ओळखीत दिलेली उधारी मी वर्षानुवर्षं मागतो आहे, आणि मागताना ओळखही गेली.

आता जे मला खास तुला सांगायचं आहे ते.

बोरीकडची एक बाई दर महिन्याला इन्सुलिनची बाटली न्यायला येते. मागच्या मे महिन्यात ती मधेच आली. स्टीलच्या डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली काढून म्हणाली, "भाऊ, हे फाटलं वाटते." उजेडाकडे धरून पाहिलं तर खरंच, दूध फाटतं तसे पांढरे कण काचेला चिकटलेले. घरात फ्रिज नाही, वर टिनाचं छप्पर, आणि बाटली चुलीवरच्या देवळीत ठेवलेली, लेकरांचा हात पुरू नये म्हणून. आठ दिवस ती तेच टोचत होती. शुगर काहून वाढते, तिला कळेना.

मी तिला नवी बाटली दिली आणि मडक्यात मडकं करायला सांगितलं. मोठ्या मडक्यात रेती, रेतीवर सकाळ-संध्याकाळ पाणी, मधे छोटं मडकं, त्यात बाटली प्लास्टिकच्या पिशवीत, वर ओलं फडकं. सावलीत, चुलीपासून दूर. बर्फाला लावायची नाही. एका वेळी एकच बाटली न्यायची. मडक्यात काही फ्रिजची थंडी येत नाही, पण पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात वापरातली बाटली त्यात महिनाभर तगते. पुढच्या महिन्यात ती आली तेव्हा तिने शेजारच्या दोघींनाही तसं करून दिलं होतं.

तुझ्या कंपनीचं नाही, पण एक माहितीपत्रक माझ्या काउंटरवर आहे. त्यात "२ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये साठवा" एवढी एक ओळ, आणि बाजूला दोन दारांच्या फ्रिजचं चित्र. ती बाई ते घरी घेऊन गेली असती तर तिने त्याचं काय केलं असतं?

रुग्णांसाठीच्या पत्रकाचं काम तुझ्याकडे आलं आहे म्हणालीस. हे मडकं त्या बैठकीत घेऊन जा. आधी मेडिकल टीमला दाखव, त्यांचं म्हणणं घे, मग क्लायंटसमोर ठेव. इकडचा निरोप तिकडे नेणारं माणूस त्यांना कोणतंही चालतं. पण त्या खोलीत बोरीच्या घराची देवळी पाहिलेलं, चूल पेटवलेल्या घरात राहिलेलं माणूस बहुतेक तू एकटीच असशील. हे तुझं भांडवल आहे, लपवू नको. इंग्रजी जरा अडखळलं तरी चालेल.

शाम्पूच्या जाहिरातीच्या कामाचं बोलावणं आलं आहे, पगार दीडपट. जायचं असेल तर जा, मी नाही म्हणणार नाही. तेही कष्टाचंच काम आहे. फक्त ओरडा खाल्ला म्हणून जाऊ नको. आणि राहायचं ठरवलंस तर रात्री अकराला येणारे फोन बंद कर. आईला त्याचीच काळजी आहे. झोप नसलेल्या माणसाच्या हातून बारीक अक्षरं वाचायची राहतात.

आईने तुरीचे सोले काढून ठेवले आहेत. मामा पंचवीस तारखेला विदर्भ एक्स्प्रेसने येणार आहेत, त्यांच्यासोबत पाठवतो.

आणि त्या पत्रकाचा कच्चा मराठी मजकूर, वरिष्ठांची परवानगी मिळाली तर, मला पाठव. ती बाई दर महिन्याच्या चार तारखेला येते. मी तिला बाकावर बसवून वाचून दाखवीन आणि ती कुठे अडली, कोणता शब्द दोनदा विचारला, ते जसंच्या तसं लिहून कळवीन.

तुझा
बाबा